भूक कुणाच्या खात्यावर?

पांडव एकचक्रा नगरीत वेश पालटून राहत होते, तेव्हाची गोष्ट. पाचही भाऊ दिवसभर भिक्षा मागायचे आणि संध्याकाळी मिळालेलं सगळं कुंतीसमोर आणून ठेवायचे. कुंती त्याचे दोन भाग करायची. एक अख्खा भाग भीमाचा. उरलेल्या अर्ध्यात ती स्वतः आणि बाकीचे चौघं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण हसतो. भीमाचं एक नावच वृकोदर, लांडग्याच्या पोटाचा. पण कुंतीचा हिशेब नीट बघितला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. घरात खायला बेताचं आहे, अन्न मागून आणलेलं आहे, आणि तरीही ती भीमाला ‘जरा आवर’ म्हणत नाही. पाच मुलांचे पाच सारखे वाटेही करत नाही. ज्याची भूक मोठी त्याचा वाटा मोठा.

आता शेवटाकडे या. सगळे महाप्रस्थानाला निघालेत आणि वाटेत एकेक जण कोसळतोय. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि मग भीम. पडता पडता भीम विचारतो, माझं काय चुकलं? युधिष्ठिर सांगतो, तू फार खायचास, दुसऱ्याला उरतंय का ते बघायचा नाहीस, आणि आपल्या ताकदीची बढाई मारायचास. एवढं बोलून तो पुढे चालू लागतो. जुगारात राज्य, भाऊ आणि बायको हरलेल्या माणसानं हे सांगावं, हा मुद्दा तूर्त सोडून देऊ.

एकाच घरात एकाच पोटाकडे बघण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. आईच्या लेखी भीमाची भूक म्हणजे त्याच्या उंचीसारखी एक वस्तुस्थिती. भावाच्या लेखी तो गुन्हा, ज्याची शिक्षा मरताना भोगायची. या दोघांपैकी बरोबर कोण, हा प्रश्न मला काही वर्षांपासून पडलाय. त्याला कारण माझी धाकटी बहीण.

मी बारीक आहे, ती नाही. आम्ही एकाच घरात वाढलो, एकाच आईच्या हातचं खाल्लं, एकाच शाळेत एकसारखे डबे नेले. लग्नाकार्यात मी एक गुलाबजाम खाऊन वाटी बाजूला ठेवते, तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, “हिचा कंट्रोल बघा!” आणि बोलणाऱ्याची नजर नकळत बहिणीच्या ताटाकडे वळते. खरं सांगायचं तर मी कसलाच कंट्रोल करत नसते. एक खाल्ला की दुसऱ्याकडे माझं लक्षच जात नाही. त्या क्षणी माझ्या आत कुठलीही लढाई चालू नसते, त्यामुळे ती जिंकण्याचाही प्रश्न नसतो. दिवाळीच्या फराळाचे डबे आई कपाटावर ठेवायची, ते बहिणीसाठी. चकली कुठे आहे हे मलाही ठाऊक असायचं, पण तो डबा मला कधी हाक मारायचा नाही.

एकदा बहिणीनं मला विचारलं, “ताई, जेवून झालं की तुला नक्की काय होतं?”

“काय होणार? जेवण संपतं.”

“डोक्यातूनही?”

“हो.”

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझं फक्त ताटातलं संपतं.”

जास्त खाणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. खादाड, अधाशी, हावरट, भुक्कड, बकासूर. यातला प्रत्येक शब्द पोटाबद्दल बोलल्यासारखं दाखवतो आणि स्वभावाबद्दल बोलतो. तहानेचं असं नाही. कुणी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पीत असेल तर आपण त्याला ‘एकदा शुगर तपासून घे’ म्हणतो, त्याच्या चारित्र्यावर घसरत नाही. भुकेच्या बाबतीत मात्र आपण धरूनच चालतो की भूक सगळ्यांना सारखीच लागते, आणि पुढचा फरक ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहाचा. हे गृहीतक खरं आहे का, ते तपासता येतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ते बऱ्यापैकी तपासलं गेलंय.

१९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कंगावा यांना उंदराच्या जठरात एक हॉर्मोन सापडलं. त्याचं नाव घ्रेलिन. जठर म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी, अशी आपली साधारण समजूत असते. ही पिशवी मेंदूला निरोप धाडते हे त्यातून स्पष्ट झालं. माणसाच्या रक्तातलं घ्रेलिन जेवणाच्या वेळेआधी चढत जातं, जवळजवळ दुप्पट होतं, आणि जेवल्यावर उतरतं. २००१ मध्ये लंडनच्या संशोधकांनी काही निरोगी लोकांना शिरेतून घ्रेलिन दिलं आणि समोर हवं तेवढं खायला ठेवलं. नुसतं सलाइन दिलं त्या दिवसापेक्षा त्यांनी सुमारे २८ टक्के जास्त खाल्लं.

उलट दिशेचे निरोप आतड्यांतून निघतात. अन्न पुढे सरकू लागलं की आतड्यांच्या अस्तरातल्या पेशी सीसीके, पीवायवाय, जीएलपी-१ अशी हॉर्मोन सोडतात. ती जठराचा वेग कमी करतात, आणि रक्तातून व मज्जातंतूंमधून मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतात. पीवायवाय शिरेतून दिल्यावर लोकांनी जवळपास तीस टक्के कमी खाल्लं. लठ्ठ लोकांनीही आणि बारीक लोकांनीही. म्हणजे तीच माणसं, तेच टेबल, आणि शिरेत काय सोडलं त्यानुसार कुणी ‘खादाड’ झालं तर कुणी ‘बेताचं खाणारं’. त्यांच्या संस्कारात दोन दिवसांत काही फरक पडला असेल असं मला वाटत नाही.

आता जनुकांकडे येऊ. २००७ मध्ये एफटीओ नावाच्या जनुकाचा एक प्रकार लठ्ठपणाशी जोडलेला आढळला. हा प्रकार आईकडून आणि वडिलांकडून, असा दोन्हीकडून आला असेल, तर त्या माणसाचं वजन सरासरी तीन किलोनं जास्त भरतं. युरोपीय लोकांत साधारण सहातल्या एकाकडे अशी दुहेरी प्रत असते. तीन किलो म्हणजे फार नाही. वजनावर परिणाम करणारी अशी शेकडो जनुकं आहेत, प्रत्येकाचा धक्का छोटा. पण या एका जनुकानं एक गोष्ट स्वच्छ दाखवायची संधी दिली.

२०१३ मध्ये लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रेचल बॅटरहॅम यांच्या गटानं दुहेरी प्रत असलेले दहा पुरुष घेतले आणि ती अजिबात नसलेले दहा. सगळे प्रमाणात वजनाचे. दोन्ही गटांचं वजन आणि चरबी जुळवून घेतलेली. मला या प्रयोगातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘आधी जाड झाले म्हणून हॉर्मोन बिघडलं’ असं म्हणायला जागाच ठेवली नाही. सगळ्यांना सारखंच जेवण दिलं आणि आधी-नंतरचं रक्त तपासलं. पहिल्या गटात जेवणानंतर घ्रेलिन पुरेसं उतरलंच नाही आणि भूकही पुरेशी शमली नाही. वेगळ्या पुरुषांच्या मेंदूचे स्कॅन केले, तर खाण्याची चित्रं बघताना मेंदू देत असलेला प्रतिसादही दोन गटांत वेगळा निघाला. हे वाचताना मला ‘माझं फक्त ताटातलं संपतं’ हे वाक्य आठवणं अपरिहार्य होतं. बहिणीची जनुकीय तपासणी कुणी केलेली नाही आणि तिला एका जनुकाच्या खुंटीवर टांगायची मला इच्छाही नाही. पण ती जे सांगत होती ते बहाणे नव्हते, तसं खरोखर घडू शकतं, एवढं मला कळलं.

एकाच जनुकामुळे सगळं उलटंपालटं होतं, अशीही माणसं आहेत. १९९७ मध्ये केंब्रिजमध्ये स्टीव्हन ओ’राहिली, सदफ फारुकी आणि सहकाऱ्यांनी मूळ पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांबद्दल लिहिलं. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचं २९. दोघांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. लेप्टिन हे आतड्याचं नव्हे, चरबीच्या पेशींचं हॉर्मोन. साठा किती आहे हे ते मेंदूला सांगतं. ते नसेल तर ८६ किलोच्या शरीरातला मेंदू आपण उपाशी मरतोय असं समजतो आणि त्या समजुतीला शोभेल तसं वागायला लावतो. त्यातल्या मुलीला नंतर रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं, आणि एका वर्षात तिचं वजन १६ किलोंहून अधिक उतरलं. तिला कुणी मनोनिग्रह शिकवला नव्हता.

याच गटानं २००७ मध्ये लेप्टिन नसलेल्या दोन तरुणांच्या मेंदूचे स्कॅन केले. उपचाराआधी त्यांना खाण्याची जवळपास सगळीच चित्रं हवीहवीशी वाटत होती, नुकतंच जेवण झालेलं असलं तरी. सात दिवस लेप्टिन दिल्यावर तीच चित्रं भरल्या पोटी तितकीशी आवडेनात. ‘हवंसं वाटणं’ ही आपण ज्याला मन म्हणतो त्याची अगदी आतली खोली. आठवड्याभराच्या इंजेक्शननं तिचा दिवा कमी-जास्त होतो, हे वाचून मला पहिल्यांदा थोडी भीतीच वाटली.

आणि दोष फक्त खाणाऱ्याला लागत नाही. २००९ मध्ये केंब्रिजच्याच गटाला काही अतिलठ्ठ मुलांमध्ये सोळाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला आढळला. त्यांतल्या काही मुलांची नावं ब्रिटनच्या समाजसेवा खात्याच्या ‘धोक्यातली मुलं’ या यादीत होती. आईबाप जाणूनबुजून कोंबून खायला घालतात, असा संशय. तुकडा सापडल्यावर नावं काढली गेली. तोवर त्या आयांनी शाळेच्या दारात आणि दवाखान्यात काय काय ऐकलं असेल, याची कल्पना कुठल्याही मराठी आईला सहज करता येईल.

इथे एक जुनी शंका येते आणि ती रास्त आहे. जनुकं पन्नास वर्षांपूर्वीही हीच होती, मग माणसं आता एवढी जाड का होताहेत? कारण आवाज तोच असला तरी आता त्याला उत्तर देणारे चोवीस तास जागे आहेत. रात्री साडेअकराला फोनवर पिझ्झ्याच्या सवलतीचा मेसेज येतो, तो माझ्याही फोनवर येतो आणि बहिणीच्याही. मी तो बोटानं सरकवून टाकते आणि विसरते. तिच्याकडे तो अर्धा तास राहतो. परिस्थिती सगळ्यांची बदलली, पण ती सगळ्यांना सारखी भिडत नाही. १९८६ मध्ये डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० लोकांचा अभ्यास झाला. त्यांची शरीरयष्टी ज्यांच्या घरी वाढले त्यांच्याशी जुळली नाही, ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळली. आणि ज्यांच्या घरी लॅब्रॅडॉर आहे त्यांच्यासाठी: केंब्रिजच्या २०१६ च्या अभ्यासात सुमारे पावभर लॅब्रॅडॉरमध्ये तृप्तीच्या निरोपाशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला निघाला. हे कुत्रे जास्त जाड आणि खाण्यासाठी जास्त लाचार असतात. त्यांना कुणी इच्छाशक्तीवर व्याख्यान देत नाही, डबा वर ठेवतात.

आता माझ्या बाजूचा प्रश्न. बहिणीला दोष देता येत नसेल, तर मला शाबासकी कशाची?

अ‍ॅरिस्टॉटलनं दोन माणसांत फरक केला होता. एकाला अतिरेकाची इच्छाच होत नाही. दुसऱ्याला ती होते, जोरात होते, पण तो तिला मागे सारतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते पहिला श्रेष्ठ, कारण त्याची इच्छाच वळण लावून घडवलेली असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही काहीसा असाच विचार आहे: नुसतं न खाऊन चालत नाही, आतली गोडी गेली पाहिजे. दोन्हीकडे एक गोष्ट धरून चाललेली आहे, की गोडी गेली ती साधनेनं गेली. माझी तर आलीच नव्हती. ज्या शांततेला हे थोर लोक शेवटचा टप्पा म्हणतात, तिथे मी जन्मतःच बसले होते, आणि तिकीट काढल्याचं मला आठवत नाही.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ असा एक विषय चर्चेत आणला. आपण माणसाला चांगलं-वाईट ठरवतो तेव्हा त्याच्या हातात नसलेल्या किती गोष्टी गुपचूप त्या निकालात शिरतात, असा तो प्रश्न. नेगल यांच्या यादीत माणसाची मूळ घडण, म्हणजे त्याचा स्वभाव, कल आणि ऊर्मी, हेही नशीबच धरलेलं आहे. पुस्तकात हे वाचताना जरा हवेतलं वाटतं. ताटावर बसल्यावर वाटत नाही. बहीण दुसरी पोळी नाकारते तेव्हा ती जे करते ते मी आयुष्यात कधी केलेलं नाही. दिवसातून वीस वेळा ती नाही म्हणते आणि एकविसाव्या वेळी हो म्हणते. लोक एकविसावी मोजतात. मी एकदाही नाही म्हणत नाही, कारण मला कुणी विचारतच नाही.

बरं, माझं बारीकपण हे तब्येतीचं प्रमाणपत्र म्हणावं तर तेही धड नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. डोळ्यांना दिसणाऱ्या शरीरावरून आतला हिशेब लागत नाही, तर चारित्र्याचा कुठून लागणार?

इथवर आल्यावर एक मोह होतो. ‘कुणाचाच दोष नाही, ज्याला जे खायचं ते खाऊ द्या’ असं म्हणून मोकळं व्हायचा. तो मोह प्रॅडर-विली सिंड्रोमची माहिती वाचताना टिकत नाही.

१९५६ मध्ये झुरिचच्या प्रॅडर, लाबहार्ट आणि विली या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. पंधराव्या गुणसूत्राच्या एका भागातली वडिलांकडून यायची जनुकं या मुलांमध्ये काम करत नाहीत. गंमत अशी, गंमत म्हणायचं झालंच तर, की ही बाळं जन्मतः अतिशय लुळी असतात आणि त्यांना दूधही ओढवत नाही. आईबाप थेंब थेंब दूध पोटात जावं म्हणून झटतात. पुढे काही वर्षांत चित्र फिरतं आणि अशी भूक सुरू होते जी कशानंच भागत नाही. मूल कचऱ्याच्या डब्यातलं खातं, फ्रीजरमधलं गोठलेलं खातं, पैसे चोरून खातं. या मुलांना उलटी सहसा होत नाही, दुखणंही कमी जाणवतं, त्यामुळे खाऊन खाऊन जठर फाटून मृत्यू आल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

त्यांच्या रक्तात घ्रेलिन किती असतं? २००२ मध्ये मोजलं, तेव्हा तितक्याच लठ्ठ असलेल्या इतर लोकांच्या साडेचार पट निघालं. गुन्हेगार सापडला असंच तेव्हा वाटलं. मग औषधानं घ्रेलिन खाली आणून पाहिलं. घ्रेलिन उतरलं, भूक उतरली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘सगळं हॉर्मोनमुळे’ हे वाक्य ‘सगळं मनावर’ या वाक्याइतकंच आळशी होऊ शकतं. पोट निरोप धाडतं, पण तो वाचणारा मेंदूच वेगळा घडलेला असेल तर नुसता निरोप्या अडवून भागत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या अतिभुकेसाठी पहिल्यांदाच एक औषध मंजूर झालं, डायझॉक्साइड कोलीन. तोवर, आणि बहुतेक घरांत आजही, उपाय एकच. कुलूप.

फ्रीजला कुलूप, फडताळाला कुलूप, स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप. घरातल्या घरात आपल्या लेकराला अन्नापासून कोंडून ठेवायचं. आपल्याकडे जिथे दारी आलेल्यालाही उपाशी पाठवत नाहीत, तिथे हे ऐकूनच घशाशी येतं. पण या मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला जेवणाची वेळ आणि जेवणात काय असणार हे पक्कं ठाऊक हवं, त्यात कधी चूक होता कामा नये. आणि त्यापलीकडे काहीही मिळण्याची शक्यता उरता कामा नये. शक्यता संपली की मूल शांत होतं. दार उघडं असतं तेव्हा ते दिवसभर त्या दाराशी झुंजत राहतं. कुलूप लागलं की झुंज थांबते, आणि त्याला चित्र काढता येतं, खेळता येतं.

मला हे पचवायला वेळ लागला. स्वातंत्र्य म्हणजे उघडं दार, अशी आपली सरळ समजूत असते. इथे उघडं दार हीच शिक्षा ठरते. पण मग आमच्या घरी कपाटावर ठेवलेल्या फराळाच्या डब्याचं काय? तेही एक प्रकारचं कुलूपच होतं. फरक मला असा दिसतो. प्रॅडर-विलीच्या घरातलं कुलूप सांगतं, ‘तुझी भूक खरी आहे, ती तुझ्याच्यानं आवरणार नाही, म्हणून ते काम आम्ही घेतो. तुझं जेवण मात्र ठरल्या वेळी येणारच.’ कपाटावरचा डबा म्हणायचा, ‘तुझ्यावर भरवसा नाही.’ शिवाय तो हात पोचेल इतक्याच उंचीवर होता. म्हणजे आवरायचं काम तिचंच, आणि हरली की बोलणीही तिचीच. आईची माया त्यात नव्हती असं मी म्हणत नाही. पण तो डबा कुंतीपेक्षा युधिष्ठिराच्या जवळचा होता.

कुंतीनं भीमाला अर्धं दिलं, म्हणजे सगळं दिलं नाही, हेही खरंच. तिनंही मर्यादा घातली. फक्त ती वाटणी करताना घातली, भीमाच्या स्वभावावर शेरा मारून नाही. आजच्या काळात याचा अर्थ घरापुरता उरत नाही. शाळेच्या दारातल्या दुकानात काय विकलं जातं, पाकिटावर साखर किती मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, रात्री साडेअकराचे मेसेज कुणाला पाठवायचे, हे सगळं वाटणीत येतं. हे प्रश्न सुटले तर ज्यांची भूक मोठी आहे त्यांना सर्वांत जास्त फायदा होईल. मला होणार नाही, माझं काही अडलेलंच नाही. म्हणूनच कदाचित माझ्यासारखे लोक त्याबद्दल फारसं बोलत नाहीत आणि ‘थोडं चालत जा’ एवढाच सल्ला देतात.

सल्ल्याच्या बाबतीत एक अभ्यास प्रत्येक सल्ला देणाऱ्यानं वाचावा असा आहे. मेलबर्नमध्ये पन्नास जाड लोकांनी दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार घेतला. वजन सरासरी साडेतेरा किलोनं उतरलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरानंतर पुन्हा रक्त तपासलं, तेव्हाही घ्रेलिन चढलेलं होतं आणि पीवायवाय, सीसीके, लेप्टिन उतरलेलं. भूकही आधीपेक्षा जास्त. म्हणजे वजन उतरवणाऱ्याला बक्षीस म्हणून शरीर वाढीव भूक देतं, आणि ती वर्षभरानंतरही मुक्कामाला असते.

आता जीएलपी-१ची नक्कल करणारी इंजेक्शनं आली आहेत. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात एक-दोन मिनिटं टिकतं, सेमाग्लुटाइड आठवडाभर काम करतं. २०२५ पासून ही वजनाची औषधं भारतातही उघडपणे मिळू लागली आणि त्याबरोबर नवा शेरा आला, ‘शॉर्टकट’. मला हा शब्द चमत्कारिक वाटतो. मी जन्मतः ज्या शॉर्टकटवर उभी आहे, त्याला ‘कंट्रोल’ म्हणायचं, आणि बहिणीनं पैसे मोजून, मळमळ सोसून, डॉक्टरच्या देखरेखीखाली तेच मिळवलं तर ती फसवणूक? या औषधांबद्दल शंका घ्यायला जागा भरपूर आहे. ती महाग आहेत, चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि थांबवली तर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो. पण ‘कष्ट न करता मिळालं’ हा आक्षेप मला घेता येत नाही. माझं सगळंच तसं मिळालेलं आहे.

बहिणीनं डॉक्टरांशी बोलून तीन महिन्यांपूर्वी इंजेक्शन सुरू केलं. पहिले काही आठवडे तिला फार मळमळायचं आणि ती चिडचिडी झाली होती. खर्चाचा हिशेब तिनं एका शीटमध्ये मांडून ठेवलाय, आणि किती महिने परवडेल हे ती दर पगाराला नव्यानं बघते. वजन किती उतरलं ते ती सांगत नाही, मी विचारतही नाही. मात्र एकदा म्हणाली, “डोक्यात इतकी शांतता असते हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही लोक या शांततेत करता काय दिवसभर?” आणि मग जरा वेळानं, “राग येतो गं. कुणाचा ते कळत नाही.”

गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी तिनं मला एक फोटो पाठवला. ओट्यावर एक ताटली, तिच्यात अर्धी पोळी, कडा वाळून वर आलेल्या. खाली लिहिलं होतं, “रात्री ठेवली आणि चक्क विसरले.”